कॉक्स की सुकाणी

जेवायला बसल्याबसल्या बाबांची आणि काकांची पुन्हा जुंपली. दोघांनीही तरुणपणी नौकाशर्यती गाजवलेल्या, त्यामुळे माघार कोणीच घेईना. होडीच्या टोकाला बसून जी वल्ही मारणाऱ्या आठ जणींना हाका देते, तिला म्हणायचं काय? बाबा म्हणत कॉक्स, काका म्हणत सुकाणी.

ती जी कोण होती, ती बाबांची लेक दोघांच्या मधल्या खुर्चीत बसली होती. उद्या शर्यतीआधी वजनकाट्यावर उभं राहायचं म्हणून तिच्या ताटात नुसती काकडी. नदीवर तिच्या एका हाकेसरशी आठ वल्ही थांबत. घरात तिला कोणी मध्ये बोलू देईना. शेवटी तिने धीर केला.

"बाबा, मला त्या होडीत बसायचंच नाहीये. कधीच नव्हतं."





"होडी नाही गं, शेल म्हणतात," बाबा म्हणाले, आणि काकांनी आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना दुजोरा दिला.