एमेटचा नंबर

वणवा विझवायला विमानातून उड्या मारणाऱ्यांच्या तळाचं संग्रहालय झालं होतं. तळ बंद झाला तेव्हा उड्यांच्या पाळीच्या फळ्यावर पहिली पाटी एमेटच्या नावाची होती, म्हणजे पुढची उडी त्याची. चाळीस वर्षं पाटी तिथेच लटकत होती. आज समोरच्या डोंगरावर वणवा पेटला, त्याच्या वाटेत एमेटचं घर होतं आणि गावाला इथे आणून बसवलं होतं. खरी विमानं दुसऱ्याच आगींवर गुंतली होती. एमेट उठून अंगणात काँक्रीटमध्ये रोवलेल्या जुन्या विमानात चढला. “कुठे निघालास?” बायकोने विचारलं. “माझा नंबर आहे.” दारातून त्याने तीन फूट उडी मारली, गुडघा चोळला आणि नियमाप्रमाणे आपली पाटी शेवटी अडकवली. पलीकडे डोंगरावर त्यांच्या घराचं छप्पर कोसळलं. एमेटने फळ्यावरची आता पहिली झालेली पाटी वाचली. “आता वर्नचा नंबर.” “वर्न वारला रे.” “त्याच्या खालचा?” “तोही. सगळेच.” “मग पुन्हा मीच.” बायकोने त्याला चढायला हात दिला.