दुसऱ्या भागाचा फितूर

"म्हणजे घरभेदी आपल्यातलाच आहे," साहेबांनी आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. "आपल्या फजित्या त्या सिनेमावाल्यांना कोण पुरवतो, ते तुम्ही शोधायचं, ताई."

ताई म्हणजे ठाण्यातली एकुलती एक महिला शिपाई. ती उभ्या उभ्या गार पडली.

सिनेमाचं नाव 'थांब, नाहीतर मीच पळेन!' पडद्यावरचे पोलीस सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसते धडपडत होते आणि अख्खं शहर पोट धरून हसत होतं. हसेना का! पण त्यातली एकेक फजिती ह्याच ठाण्यात घडलेली. चोराच्या मागे जीप सुसाट आणि चोर मागच्या सीटवर गाढ झोपलेला, ती जीप चालकमामांची. पाठलाग करता करता नदीत पडून "मला वाचवा" म्हणून चोरालाच हाका मारणारे, ते आपले हवालदार आजोबा. आणि चोराच्या हाताला स्वतःचा हात बेडीने बांधून किल्ली त्याच्याच खिशात राहू देणारी बाई? ती ही ताई. घरी तिने ह्यातला चकार शब्दही सांगितला नव्हता. तरी सासूबाई सिनेमा बघून आल्या, हसून हसून डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अगदी तुझ्यासारखीच वेंधळी गं ती!"

आता त्याचा दुसरा भाग येणार होता.

"फितूर सापडला नाही तर बदल्या होतील," साहेब म्हणाले. "पहिली तुमची."

ताईचा नवरा परगावी नोकरीला. सासूबाईंचे गुडघे गेलेले. पोर आत्ता कुठे शाळेत रुळलेली. बदली झाली तर घराची पार दाणादाण. ताई म्हणाली, "शोधते, साहेब," आणि बाहेर येऊन घटाघटा पाणी प्यायली.

पहिला संशय आजोबांवर. रोज दुपारी ते कुणाला न सांगता पिशवी घेऊन सटकायचे. ताई मागे निघाली. आजोबांनी अचानक वळून पाहिलं, तशी ती दिसेल त्या दारात शिरली. ते होतं न्हाव्याचं दुकान. ती खुर्चीत बसून तोंडासमोर वर्तमानपत्र धरते न धरते, तोच न्हाव्याने गळ्याला फडकं बांधून कात्री चालवली. पुढचे केस गेले! तशीच धावत ती आजोबांच्या मागे पोहण्याच्या तलावावर पोचली. आजोबा कमरेला हवा भरलेली ट्यूब बांधून पोहायला शिकत होते. नीट दिसावं म्हणून ताई वाकली आणि धप्पकन पाण्यात! तिला बाहेर काढलं आजोबांनीच. "कुणाला सांगू नकोस हं पोरी," ते ओशाळून म्हणाले, "पुन्हा बुडालो तर लाज जाईल."

संध्याकाळी तिने साहेबांना सगळं सांगितलं.

"सविस्तर सांगा. पडलात ते तोंडावर की पाठीवर?"

"तोंडावर, साहेब."

"आणि चप्पल?"

"एक तरंगत होती."

साहेबांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. त्यांचे खांदे थरथरत होते. फार संतापलेत, ताईला वाटलं.

मग चालकमामा. त्यांच्या उघड्या जीपच्या मागच्या भागात ताडपत्रीखाली ती लपून बसली. मामांनी गाडी थेट धुवायला नेली. फेसाने न्हाऊन निघालेली ताई ठाण्यात परतली, तेव्हा दारात एक बाई उभी होती. ताईने तिला ओळखलं, ही कितीदा तरी ठाण्याच्या फाटकापर्यंत यायची आणि मागे फिरायची.

"सगळे म्हणतात, सिनेमातल्या त्या बेडीवाल्या तुम्हीच ना?" ती फिसकन हसली. ताईही हसली, दुसरं करणार काय? बाई बाकावर टेकली, हसता हसता रडायला लागली आणि मग नवऱ्याच्या माराचं सगळं सांगून मोकळी झाली. ताईने तिथल्या तिथे तक्रार लिहून घेतली आणि तिला माहेरी पोचवलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या सिनेमाचा राग आला नाही.

पण बदलीची टांगती तलवार होतीच. शेवटी तिने डोकं चालवलं. फितूर कुणीही असो, जाणार तो सिनेमाच्या लेखकाकडेच.

"वा!" तिचा बेत ऐकून साहेब म्हणाले. "उद्या दुपारीच जा. तेव्हा तो जेवायला गेलेला असतो, असं कानावर आलंय."

लेखकाची खोली खरंच रिकामी होती. दारही नुसतं लोटलेलं. ती इकडेतिकडे बघतेय, तोच जिन्यात पावलं वाजली. ताई कपाटात शिरली. आत शूटिंगचे पोलिसी गणवेश टांगलेले. डांबराच्या गोळ्यांचा वास असा, की शिंक नाकाच्या शेंड्यावर आली.

"बसा, बसा," लेखकाचा आवाज आला. "काय आणलंत आज?"

उत्तर देणारा आवाज साहेबांचा होता. ताईचा जीव भांड्यात पडला. साहेबांनी त्याला गाठलंच तर! आता दरडावून नाव काढून घेतील.

पण साहेब दरडावत नव्हते. सांगत होते. न्हावी, तलाव, तरंगती चप्पल, ताडपत्री. लेखक खो खो हसत होता आणि कपाटात ताईचे कान लालबुंद झाले होते. विश्वास ठेवला तो ह्या माणसावर?

"पण त्या बाईंची बदली?" लेखकाने विचारलं.

"छे हो! तो धाक उगाच घातला. त्याबद्दल तिची माफी मागायचीय मला. अहो, पूर्वी लोक ठाण्याला वाघाची गुहा समजायचे. हसायला लागले तेव्हा कुठे आत यायला लागले, आणि येतात ते तिलाच शोधत. तिला मी कुठे जाऊ देतोय?"

"बरं, मग शेवट काय? तिला फितूर सापडतो?"

"सापडतो की. ती कपाटात लपून सगळं ऐकते," साहेब म्हणाले. "उघडा आता ते दार, गुदमरेल बिचारी."