टकळीचा शब्द

शनिवारी शेवटच्या तासाला बाई प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारत: सध्या कोणतं पुस्तक वाचतोयस आणि त्यात नवा शब्द कोणता सापडला? एकाने 'गलबत' सांगितला, दुसऱ्याने 'भुयार'. मग टकळी उठली. तिच्या तोंडाला क्षणाची उसंत नसे, म्हणून वर्गाने तिचं हे नाव पाडलं होतं.

"अबोला," ती म्हणाली. "दोन राजपुत्रांच्या गोष्टीत आहे."

वर्ग खो खो हसत सुटला. बाईंनाही हसू आवरेना. "तुला बरा सापडला गं हा शब्द! अर्थ सांग बघू."

"आई-बाबा समोरासमोर जेवायला बसतात, पण 'मीठ दे' एवढा निरोपसुद्धा मलाच पोचवावा लागतो, तो अबोला. आमच्याकडे कधीपासून चाललंय, पण त्याला शब्द आहे हे मला माहीतच नव्हतं."

बाईंचं हसू ओठांवरच राहिलं. सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आणि... विरुद्धार्थी शब्द?"

टकळीने पुस्तक उघडून उरलेली पानं चाळली.

"तो अजून आला नाही, बाई. पण अर्धं पुस्तक राहिलंय."