बियाण्याची काकडी

दुपारी शाळेतून परतलेल्या मोठ्या बाई चपला न काढताच कुंपणापाशी थांबल्या. वेलावर देठ होता. काकडी नव्हती.

"वन्सं, इथली काकडी?"

कालच पाहुणी आलेली नणंद हात पुसत बाहेर आली. सकाळपासून तिने अख्खं स्वयंपाकघर घासूनपुसून लख्ख केलं होतं. "ती पिवळी होय? अहो वहिनी, जून होऊन नुसती लोंबत होती. म्हटलं, जेवणात होईल. चिरली तर आंबटढाण! दिली टाकून."

"बियांसकट?"

"मग काय, बिया ठेवायच्या?"

मोठ्या बाईंनी तो रिकामा देठ चाचपून पाहिला. दीड महिना त्यांनी ती काकडी वेलावर जपली होती. यंदा बाकीची सगळी फळं करपून गळली. मागच्या वर्षीचं बी पेरून संपलं होतं. उरली होती ती ही एकच.

आरामखुर्चीतल्या त्यांच्या नवऱ्याने पेपर खाली केला. "एवढं काय त्यात? संध्याकाळी बियांचं पाकीट आणतो."

"आणा. पण त्यात ही काकडी नसणार." त्या नणंदेकडे वळल्या. "कशात टाकलीत?"

"कालच्या पेपरात गुंडाळून. शब्दकोड्याचं पान. अर्धं सोडवलेलं होतं मी." नणंदेचा आवाज उतरला. "पण वहिनी, कचऱ्याची गाडी आत्ताच गेली हो."

मोठ्या बाई पळत सुटल्या. शाळेच्या व्हरांड्यात पळणाऱ्या मुलींना त्या रोज दटावत. मुख्याध्यापिका झाल्यापासून त्यांना कुणी पळताना पाहिलं नव्हतं. लाँड्रीवाला इस्त्री हातात धरून बघतच राहिला.

"थांबा!"

हा आवाज शाळेत माइकशिवाय तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचायचा. वळणावर गाडीने करकचून ब्रेक लावला. मागच्या पायरीवर उभा असलेला उंच कामगार खाली उतरला.

"काय पडलं, मॅडम? अंगठी?"

"काकडीच्या बिया."

कामगाराने ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरने घड्याळाकडे.

"मॅडम, यात तीन गल्ल्यांचा ओला कचरा आहे."

"माहीत आहे. तुम्ही उजवीकडून बघा, मी डावीकडून. शब्दकोड्याचं पान आहे, अर्धं सुटलेलं."

कामगार क्षणभर घुटमळला. मग त्याने आपला एक हातमोजा काढून त्यांच्या हातात दिला आणि मुकाट्याने उजवीकडून सुरुवात केली.

मागे गाड्यांची रांग लागली. हॉर्न वाजायला लागले. एका स्कूटरवाल्याने हेल्मेट काढलं. त्याची मुलगी त्यांच्याच शाळेत सातवीत होती.

"मोठ्या बाई? काही मदत करू का?"

"या सगळ्यांना त्या बाजूने काढून द्या."

तो उतरला आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहून हातवारे करायला लागला.

चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, आंबलेला भात. मोठ्या बाई कोपरापर्यंत बुडाल्या होत्या. वास नाकात बसला होता, घाम डोळ्यांत उतरत होता. तो पुसायला हात मोकळा नव्हता.

"हे का, मॅडम?" कामगाराने एक पान वर धरलं.

"नाही. हे पूर्ण सुटलंय."

ड्रायव्हर हसला. मग इंजीन बंद करून तोही खाली उतरला. पान त्यालाच सापडलं, अगदी मागच्या कोपऱ्यात, ओलंगच्च, फाटायला आलेलं. मोठ्या बाईंनी गाडीच्या पायरीवर बसून ते मांडीवर उलगडलं. हातमोजा काढून त्यांनी दुसऱ्याच कुणाच्या चोथ्यात लडबडलेल्या सालींतून एकेक बी बोटाने टिपलं. दोघं जण वाकून बघत होते. पानावर काही उरलं नाही तेव्हाच त्या उठल्या.

"तुमचा खोळंबा केला," त्या म्हणाल्या.

"सापडलं ना," ड्रायव्हर म्हणाला. "मग झालं तर."

घरी येताना दोन जण थांबून बोलू पाहत होते. मोठ्या बाईंनी नुसती मान हलवली. उजवी मूठ त्यांनी छातीशी घट्ट धरली होती.

फाटकात नणंद उभी होती. "वहिनी, खरंच, मला काय माहीत..."

"वाटीत पाणी आणा."

नणंद धावत आत गेली. ओट्यावर ठेवलेल्या वाटीत मोठ्या बाईंनी मूठ सोडली. बुळबुळीत, गर चिकटलेल्या बिया पाण्यावर पसरल्या.

"किती आहेत?"

"वीस-बावीस."

"सगळ्या उगवतील?"

"दोन-तीन दिवस अशाच राहू देत. गर सुटेल. मग पोकळ असतील त्या तरंगतील." मोठ्या बाईंनी नळ सोडला आणि कोपरापर्यंत हात धुवायला घेतले. "बुडतील त्या आपल्या."

नणंद ओट्यापाशी तशीच उभी राहिली. भावाने बाहेरून चहाचं विचारलं. तिने ऐकलंच नाही. बऱ्याच वेळाने ती वाटीवर आणखी खाली वाकली.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "एक गेली खाली."