मधला प्राणी

“अर्धा मासा आणि अर्धं जनावर, असा एक तरी दाखवा, भाऊजी. मग मी गप्प बसतो,” मेहुणा म्हणाला आणि उत्तराची वाट पाहू लागला.

वाट पाहणं हेच हल्ली त्याचं मुख्य काम होतं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटल्यापासून भाऊजींचे, म्हणजे मास्तरांचे, शब्द एकेक करून यायचे, तेही मनात असलं तर. बोलणं शिकवायला एक बाई चित्रांचे पत्ते घेऊन यायच्या. कप, मांजर, छत्री. शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात जन्म गेलेला माणूस मांजराचं चित्र बघून तोंड फिरवायचा. शेवटी त्या बाईच कंटाळून म्हणाल्या, “ते चिडतात कशावर? त्यावर बोला.” ताईने लगेच आपल्या या भावाला फोन केला. तिच्या नवऱ्याला चिडवण्याचा इतका अनुभव दुसऱ्या कोणाला नव्हता.

तो विमा कंपनीत दावे तपासायचा. पुराव्यात फट शोधायची आणि तिच्यात बोट घालून दावा नामंजूर करायचा, हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. मासे जमिनीवर आले, हा भाऊजींचा दावा तो ताईच्या लग्नापासून नामंजूर करत आला होता. मास्तरांनी मधल्या प्राण्याचा जीवाश्म दाखवला की तो म्हणायचा, बरं, आता फटी दोन झाल्या. एक ह्याच्या आधीची, एक ह्याच्या नंतरची. मास्तर लालबुंद व्हायचे. परवा तर ‘गाढव’ हा शब्द इतका स्वच्छ आला, की ताईने तो शेजारणीला कौतुकाने सांगितला.

खरं म्हणजे त्याचा विरोध केव्हाच मावळला होता. पण ते कबूल करायची आता सोय नव्हती. ऑफिसातून थेट इथे यायचं, टाय सैल करायचा आणि आपण जे मानत नाही ते नेटाने मांडायचं. दिवसभर लोकांचे खोटे दावे ऐकून आलेल्या माणसाला संध्याकाळी स्वतःच एक करावा लागत होता.

“बोला की, भाऊजी. दगडात सापडला म्हणून काय तो आपला पूर्वज झाला?”

मास्तर खिडकीकडे बघत होते. उजवा हात ताईने उशीवर ठेवला होता, तसाच होता. बऱ्याच वेळाने ओठ हलले.

“असेल,” ते म्हणाले. “तुझंच… बरोबर.”

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. ताई ओल्या हातांनीच दारात येऊन उभी राहिली.

इतकी वर्षं ज्या निकालासाठी भांडलो तो आयता पदरात पडल्यावर माणसाने खूश व्हावं. मेहुण्याचं तोंड उतरलं. त्याने बहिणीकडे पाहिलं. सकाळपासून मास्तरांनी काही खाल्लं नाही, हे तिने तो आल्या आल्याच सांगितलं होतं. पत्तेवाल्या बाईंनाही त्यांनी हाताने खूण करून परत पाठवलं होतं.

“असं कसं बरोबर?” खुर्ची पुढे ओढत तो म्हणाला. “तुम्ही दाखवलेला तो मान असलेला मासा कुठे गेला मग? कुठल्या माशाला मान असते? त्याला होती. त्याच्या परांत हाडं होती, आपल्या दंडासारखी, मनगटासारखी. ती काय शोभेला होती?”

मास्तरांनी मान भिंतीकडे वळवली.

दुसऱ्याचा दावा मंजूर करून घ्यायची सवय नसल्यामुळे मेहुण्याला घाम फुटला. पण कल्ले, फुप्फुसं, डोक्याच्या माथ्यावर सरकलेले डोळे, सगळं त्याला पाठ होतं. विरोधकाइतकं लक्ष देऊन वर्गात कोणी ऐकत नाही. मग त्याच्या ध्यानात आलं, की आपण बरोबर बोलतोय, आणि बरोबर बोलण्यावर भाऊजींनी आजवर कधी तोंड उघडलेलं नाही. तेव्हा तो चुका करू लागला. मान असलेल्या माशाला त्याने कान लावले. परांवर केस उगवले. बेडकाला माशाचा आजोबा करून टाकलं. एरवी यातल्या एकेका वाक्याला पाण्याचा पेला अंगावर आला असता. मास्तर डोळे मिटून पडून राहिले.

“राहू दे,” ताई म्हणाली. “दमलास तू. जा घरी.”

तो उठला. खोलीच्या दाराशीच बूट होते, त्यांत पाय घातले आणि नाड्या बांधायला वाकला. वाकल्या वाकल्या, बुटांशीच बोलल्यासारखा तो म्हणाला,

“तळी आटली असतील, दुसरं काय. पडले मासे उघड्यावर. जगायचं तर चालायला हवं, म्हणून फुटले बिचाऱ्यांना पाय.”

ही चूक मात्र त्याची स्वतःची होती. इतकी वर्षं ऐकूनही तो हे असंच समजत आला होता.

खाट करकरली.

“नाही.”

ताईने भिंतीला हात टेकला.

“आधी पाय,” मास्तर म्हणाले. पुढचा शब्द सापडेपर्यंत त्यांच्या कपाळाला आठी पडली. “पाण्यातच. मग… जमीन.”

मेहुण्याने अर्धी बांधलेली नाडी सोडली. बूट काढले, परत येऊन खुर्चीत बसला, आणि पाय पसरले.

“पटत नाही,” तो म्हणाला.