बागायती रुमाल

धुळ्यातल्या ज्या दवाखान्यात भूपेंद्रचे वडील, आबा, वारले, तो बंद पडला आणि त्याचा सर्व्हर भंगारातून भूपेंद्रच्याच कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आला. चालू केला की नुसता बीप करायचा. भूपेंद्रने रॅम काढली, आबांच्या उपरण्याएवढ्या बागायती रुमालाने खसाखसा पुसून परत बसवली. मशीन सुरू झालं! डिस्क तपासायला त्याने कॅमेऱ्याचं एक जुनं रेकॉर्डिंग लावलं आणि हादरलाच. पलंगावर आबा! शेजारच्या खुर्चीत तो स्वतः, एसीच्या गारठ्यात आखडून झोपलेला. आबांना धाप लागली. हात घंटीकडे गेला, थबकला. मुलाकडे बघत त्यांनी उशाजवळचा पांढराशुभ्र रुमाल कसाबसा त्याच्या अंगावर टाकला. मग हात लोंबकळला. भूपेंद्रने घरी फोन लावला. “दीपमाला, आबा गेले त्या दुपारी रुमाल माझ्या अंगावर तूच टाकला होतास ना?” “मी कुठे होते तिथे? का बरं?” बायको म्हणाली. भूपेंद्रने मूठ उघडली. मशिनं पुसून पुसून रुमाल काळाकुट्ट झाला होता.