लिफ्टमधला कोळी

लिफ्टचं दार सरकून बंद झालं आणि कुंडीतल्या पानांआडून कोळी बाहेर आला.

सासूबाईंनी कुंडीची आपल्याकडची बाजू सोडूनच दिली. सुनेने कशीबशी एकटीने कुंडी खाली टेकवली. झाड तिरकं होऊन दाराशेजारच्या भिंतीला रेललं. सासूबाई मागच्या आरशावर इतक्या जोरात आदळल्या की लिफ्ट हिंदकळली. मग ती जागची हलेना.

"अडकली वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

सुनेचा चेहरा पांढरा पडला. सासूबाईंच्या ते लक्षात आलं नाही. त्यांचे डोळे कोळ्यावर खिळले होते.

सासूबाई इस्पितळात सिस्टर होत्या. रक्त, टाके, मोडलेली हाडं, कशाचंच त्यांना काही वाटत नसे. सासरे क्रेन चालवायचे, ढगांशी गप्पा मारता येतील इतक्या उंचावर बसून. मुलगा लोकांना पोहायला शिकवायचा. पण घरात कोळी दिसला की तिघंही एका सोफ्यावर चढत आणि तिथून एकमेकांना धीर देत. सून आली आणि हे हाल संपले. ती कोळ्यावर पेला पालथा घाली, खालून पुठ्ठा सरकवी, त्याला खिडकीबाहेर सोडी आणि हात धुऊन शाळेचे पेपर तपासायला बसे. सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगत, "आमची सून कशालाच भीत नाही."

ते ऐकलं की सून घाईने विषय बदली. बंद लिफ्टमध्ये तिचा जीव घुसमटायचा, लहानपणापासून. पाच मजले ती रोज चढून जाई. कुणी विचारलं तर म्हणे, गुडघे चांगले राहतात. या घरात आपल्याला मान आहे तो कोळ्यांमुळे, असं तिने मनाशी पक्कं धरलं होतं. आज मात्र कुंडी जड होती, सासूबाईंची कंबर धरली होती, आणि नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

"अगं, पकड ना त्याला," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी वळून पाहिलं. सून कोपऱ्यात खाली बसली होती. डोळे गच्च मिटलेले, ओठ कोरडे, श्वास तुटक.

सासूबाईंनी असे श्वास जन्मभर ऐकले होते. त्या धरलेली कंबर विसरून तिच्यासमोर बसल्या आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"सोड आधी श्वास. पूर्ण सोड. आता घे. घाई नाही."

"आई, मला लिफ्टची भीती वाटते."

"दिसतंय मला. बोलू नकोस. सोड श्वास."

हळूहळू छातीची धडधड उतरली. सुनेने डोळे उघडले आणि तिचा श्वास पुन्हा अडकला. कोळी झाडावर नव्हता. तो सासूबाईंच्या खांद्यावर होता आणि मानेकडे निघाला होता.

"आई, तुमच्या खांद्यावर..."

"माहितीये मला." सासूबाईंच्या कपाळावर घामाचे थेंब जमले होते, पण हात हलला नव्हता. "मघाशीच चढला. तुझा श्वास नीट होऊ दे आधी."

सून त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने एक हात सोडवला, सासूबाईंच्या पर्समधून चष्म्याची डबी काढली, उघडली आणि खांद्यावर अलगद टेकवली. कोळी आत गेला. डबी टपकन मिटली.

सासूबाईंनी मोठ्ठा सुस्कारा सोडला. मग सरकून त्या सुनेशेजारी जमिनीवर बसल्या.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला वाटलं असतं, हीपण भित्रीच निघाली."

"निघाली तर निघाली. कोळी पकडायला माणूस हवा म्हणून का मुलाचं लग्न केलं आम्ही? तीन भित्रे आहेत घरात, चौथीला जागा होईल. सोफा चांगला लांब आहे."

सुनेला हसू आलं. हसता हसता डोळेही भरून आले.

"चल, बेल वाजवू," सासूबाई म्हणाल्या आणि भिंतीला धरून उठू लागल्या. तेवढ्यात दार आपणहून उघडलं.

समोर तळमजल्यावरचा शिंपी उभा होता. हातावर कुणाची तरी इस्त्री केलेली पँट होती. त्याने खाली बसलेल्या सुनेकडे पाहिलं, अर्धवट उठलेल्या सासूबाईंकडे पाहिलं, तिरक्या झाडाकडे पाहिलं.

"वर निघालात, की आत्ताच खाली आलात?" त्याने विचारलं.

दोघींनी त्याच्या खांद्यावरून बाहेर डोकावलं. समोर टपालाच्या पेट्या होत्या. शेजारी त्याचं दुकान होतं. कुंडी आत आणताना सांडलेली माती उंबऱ्यापाशी तशीच पडली होती. आत शिरताना दोघींचेही हात कुंडीला होते. बटण कुणी दाबलंच नव्हतं.

"वर निघालोय," सासूबाई शक्य तितक्या रुबाबात म्हणाल्या.

"मग जा तुम्ही. मी पुढच्या खेपेला येतो," शिंपी म्हणाला. आत त्याला जागाही नव्हती.

सून उठली. तिने झाड सरळ केलं आणि त्यामागे झाकल्या गेलेल्या बटणांतलं पाचव्या मजल्याचं स्वतः दाबलं. दुसरा हात सासूबाईंच्या हातात होता. दार बंद झालं. लिफ्ट खरोखरच वर जाऊ लागली.

"घरी काय सांगायचं?" तिने विचारलं.

"सगळं सांगायचं," सासूबाई म्हणाल्या. "तुझी भीती, माझा खांदा, काही लपवायचं नाही. फक्त कुठे अडकलो विचारलं, तर तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध."